डार्क फीनिक्स सागा : शेवट ठाऊक असलेल्या कथेचे वाचन

एक्स-मेन या अद्भुत शक्ती असलेल्या नायकांच्या गटाच्या जगाशी माझी ओळख कॉमिकमुळे नव्हे, चित्रपटांमुळे झाली. जीन ग्रे या स्त्रीच्या अंगी तिला स्वतःलाही न पेलणारी शक्ती जागी होते, ती शक्ती तिच्या जवळच्या माणसांवर उलटते आणि अखेरीस तिचा मृत्यू होतो, ही कथा मी प्रथम २००६ च्या ‘एक्स-मेन : द लास्ट स्टँड’मध्ये पाहिली आणि २०१९ च्या ‘डार्क फीनिक्स’मध्ये दुसऱ्यांदा पाहिली. त्यामुळे या दोन्ही चित्रपटांचे मूळ असलेले ‘द डार्क फीनिक्स सागा’ हे संकलन विकत घेताना मी बराच काळ घुटमळले. ज्या कथेचा आरंभ, मध्य आणि शेवट आपल्याला पाठ आहे, तिच्यावर पैसे आणि वेळ का खर्च करावा, हा प्रश्न रास्त होता. पुस्तक वाचून झाल्यावर मात्र तो प्रश्नच मला चुकीचा वाटू लागला. हे परीक्षण प्रामुख्याने त्या पुस्तकाचे आहे. चित्रपटांचा उल्लेख त्यात वारंवार येईल, कारण तीच कथा तीनदा समोर आल्यावर वाचक-प्रेक्षकाचे नेमके काय होते, हे या पुस्तकाइतके स्पष्टपणे मला दुसऱ्या कशाने दाखवलेले नाही. कथेतील सर्व महत्त्वाच्या घटना पुढे उघड केल्या आहेत.

या संकलनात ‘एक्स-मेन’ मासिकाचे १२९ ते १३७ हे नऊ अंक एकत्र बांधलेले आहेत. त्यांवर जानेवारी ते सप्टेंबर १९८० अशा तारखा आहेत. लेखन ख्रिस क्लेअरमाँट यांचे आहे, कथेची आखणी त्यांनी आणि चित्रकार जॉन बर्न यांनी मिळून केली आहे, आणि बर्न यांच्या पेन्सिलकामावर शाई चढवली आहे ती टेरी ऑस्टिन यांनी. कथेचा पूर्वार्ध ‘हेलफायर क्लब’ नावाच्या श्रीमंत व सत्तालोलुप मंडळाभोवती फिरतो. जेसन विनगार्ड हे नाव धारण केलेला मास्टरमाइंड हा खलनायक जीनच्या मनात अठराव्या शतकातील एका आयुष्याचे आभास हळूहळू पेरतो, आणि आपण त्या काळातील उमराव स्त्री आहोत असे तिला वाटू लागते. उत्तरार्धात ही फसवणूक उघडकीला येते, पण तोवर जीनमधील फीनिक्स-शक्तीवरचे बंध तुटलेले असतात. ती डार्क फीनिक्स होते, अंतराळात झेपावते आणि भूक भागवण्यासाठी एक तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव त्यात नष्ट होतात. पुढे चंद्रावर तिचा निवाडा होतो आणि तेथेच ती स्वतःच्या हाताने आयुष्य संपवते.

सारांश म्हणून पाहिले तर हा मजकूर कोणत्याही चित्रपटाच्या जाहिरातपत्रकावर छापता येईल, आणि नेमकी तीच अडचण आहे. सारांशात कथा असते, पण वाचकाचा तिच्यात गुंतलेला काळ नसतो. जीन ग्रे हे पात्र १९६३ मध्ये मासिकाच्या पहिल्याच अंकात आले. अंतराळयान चालवताना सौरकिरणोत्साराला सामोरी जाऊन ती फीनिक्सच्या रूपात पाण्यातून वर येते, तो १०१ वा अंक १९७६ चा आहे. म्हणजे १९८० मध्ये १३७ वा अंक हाती घेणाऱ्या नियमित वाचकाने फीनिक्ससोबत चार वर्षे आणि जीनसोबत त्याहून कितीतरी अधिक काळ घालवलेला होता. पुस्तक वाचताना मला त्या वाचकांचा हेवा वाटला. तरीही नऊ अंकांच्या मर्यादेत क्लेअरमाँट आणि बर्न नव्या वाचकाला तो सहवास बऱ्याच प्रमाणात देतात, आणि त्यासाठी ते मारामारीची नव्हे, तर शांत प्रसंगांची पाने खर्च करतात.

अशा प्रसंगांपैकी १३२ व्या अंकातील प्रसंग मी तीन वेळा वाचला. स्कॉट समर्स, म्हणजे सायक्लॉप्स, याच्या डोळ्यांतून अखंड विध्वंसक किरण बाहेर पडतात, म्हणून त्याला कायम विशिष्ट काच लावून वावरावे लागते आणि कोणाकडेही उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही. एका उंच, निर्जन खडकाळ माथ्यावर जीन ती काच काढते आणि केवळ आपल्या मनाच्या बळावर ते किरण थोपवून धरते. स्कॉटला आनंद होतो, पण त्या आनंदात भीतीही मिसळलेली आहे, कारण जी शक्ती आजवर कोणालाही रोखता आली नाही ती ही स्त्री सहजपणे रोखत आहे. प्रेमाचा सर्वांत कोमल क्षण आणि पुढील संकटाची पहिली खरी चाहूल एकाच चौकटीत बसवणे हे असामान्य कौशल्य आहे. दोन्ही चित्रपटांतील जीन आणि स्कॉट एकमेकांवर प्रेम करतात असे आपल्याला सांगितले जाते, पण त्या प्रेमात एवढा धोका आणि एवढा विश्वास एकवटलेला मी तेथे पाहिला नाही.

आता साम्याच्या प्रश्नाकडे येते. तिन्ही आवृत्त्यांत एक जागा समान आहे, ती म्हणजे जीनचे लहानपणीचे घर. पुस्तकात डार्क फीनिक्स झालेली जीन आईवडिलांच्या दारात येते आणि इच्छा नसतानाही त्यांची मने तिला ऐकू येतात. त्या मनांत तिला तिच्याविषयीची भीती आढळते. ‘द लास्ट स्टँड’मध्ये त्याच घरात तिच्या हातून एक्स-मेनचा गुरू प्राध्यापक झेवियर मारला जातो, आणि २०१९ च्या चित्रपटात वडिलांच्या घराबाहेर तिच्या शक्तीने तिची सहकारी रेवन हिचा बळी जातो. घर तेच आहे, मुलगी तीच आहे आणि शक्तीही तीच आहे. तरीही चित्रपटांतील दोन्ही मृत्यूंपेक्षा पुस्तकातील त्या न बोललेल्या भीतीने मला अधिक हादरवले. आपल्या घरी परतलेल्या माणसाला आपल्याच आईवडिलांच्या मनात स्वतःविषयीचे भय वाचावे लागणे, याहून मोठी शिक्षा कोणती असू शकते? कथा सारखी असल्याने हा प्रसंग फिका पडला नाही. उलट, पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने मी घटनेची वाट पाहणे सोडून दिले आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहू लागले.

दोन्ही चित्रपट मात्र एका बाबतीत परस्परांसारखे आणि या पुस्तकाहून वेगळे आहेत. जीन लहान असतानाच झेवियरने तिच्या मनात भिंती उभारून ठेवल्या होत्या आणि सत्य तिच्यापासून लपवले होते, हा धागा दोहोंमध्ये आहे. या नऊ अंकांतील शोकांतिका त्या धाग्यावर उभी नाही. दोन्ही पटकथांशी सायमन किनबर्ग यांचा संबंध आहे. पहिली पटकथा त्यांनी झॅक पेन यांच्यासह लिहिली, तर दुसरा चित्रपट त्यांनी स्वतः लिहिला आणि दिग्दर्शितही केला. एकाच लेखकाला त्याच कथेची दुसरी संधी मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि त्यामुळे मी तो चित्रपट मोठ्या आशेने पाहिला होता. पण दुसऱ्या वेळी पुनरावृत्ती झाली ती मूळ कॉमिकची नव्हे, पहिल्या चित्रपटाची. प्रेक्षकांना नकोशी झाली ती ही पुनरावृत्ती, असे माझे मत आहे.

याहून मोठा फरक त्या पाच अब्ज जिवांचा आहे. जीनच्या हातून होणारा हा संहार दोन्ही चित्रपटांनी गाळला. पुस्तकाच्या शेवटामागील इतिहास ठाऊक असेल तर हे गाळणे किती महागात पडले ते लक्षात येते. क्लेअरमाँट आणि बर्न यांनी आधी योजलेल्या शेवटात जीन मरत नाही. तिची शक्ती काढून घेतली जाते आणि ती जिवंत राहते. त्या वेळचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी त्याला हरकत घेतली, कारण अख्ख्या ग्रहाचा संहार करणाऱ्या व्यक्तीला एवढ्यावर सोडून देणे त्यांना नैतिकदृष्ट्या मान्य नव्हते. तेव्हा शेवट नव्याने रचला गेला आणि जीनने चंद्रावर मरण पत्करले. मूळ शेवट पुढे १९८४ मध्ये ‘फीनिक्स : द अनटोल्ड स्टोरी’ या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. संपादकाच्या हस्तक्षेपाने कलाकृती बिघडल्याची उदाहरणे आपण नेहमी ऐकतो, पण येथे त्या हस्तक्षेपामुळे कथेला तिचा कणा मिळाला. जीनचा मृत्यू हा अपघात नाही आणि कोणा खलनायकाचा विजयही नाही, तर स्वतः केलेल्या कृत्याचा आणि पुन्हा करू शकणाऱ्या कृत्याचा तिने स्वतः लावलेला निकाल आहे. पाच अब्ज जीव वगळले की त्या निकालाला कारणच उरत नाही. ‘द लास्ट स्टँड’मध्ये तर निकाल लावण्याचा अधिकारही तिच्या हातून जातो आणि तिचा सहकारी वुल्व्हरिन आपल्या नख्यांनी तिला ठार करतो. कथेची रूपरेषा तशीच राहते, मरणारी स्त्री तीच असते, पण मरण कोणी निवडले हे बदलताच अर्थ पार उलटा होतो.

‘डार्क फीनिक्स’विषयीची एक नोंद मला फार बोलकी वाटते. त्या चित्रपटाचा शेवटचा भाग नव्याने चित्रित करण्यात आला होता, आणि आधीचा शेवट दुसऱ्या एका सुपरहिरोपटाशी बराच जुळत होता, असे कारण झेवियरची भूमिका करणाऱ्या जेम्स मॅकअ‍ॅव्हॉय यांनी मुलाखतीत सांगितले होते. पडद्यावर आता जो शेवट आहे त्यात धावत्या आगगाडीतील लढाई आहे, आणि ती लढाई चांगली रचलेली आहे हे मान्य केले पाहिजे. म्हणजे निर्मात्यांनी साम्याची धास्ती घेतली, खर्च केला, साम्य टाळले. तरीही चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलरच जमवले, तर १३ वर्षे आधी आलेल्या ‘द लास्ट स्टँड’ने सुमारे ४६ कोटी डॉलर मिळवले होते. केवळ तिकीटविक्रीवरून कलाकृतीची प्रत ठरत नाही, परंतु घटनांमधील साम्य काढून टाकल्याने प्रेक्षक आपोआप जवळ येत नाही, एवढे तरी यावरून दिसते. सोफी टर्नर यांची जीन त्याआधी केवळ २०१६ च्या एका चित्रपटात दिसली होती. तिच्या पतनाचे दुःख व्हावे इतकी ती आपली झालीच नव्हती.

याच्या उलट उदाहरण २०१६ या वर्षाने दिले. मार्चमध्ये ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आणि मेमध्ये ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ प्रदर्शित झाला. नायकांच्या लढायांत निरपराध माणसे मरतात म्हणून उठलेला प्रश्न, त्यातून एकमेकांसमोर ठाकलेले दोन नायक, पडद्याआडून त्यांना झुंजवणारा एक माणूस, इतकेच नव्हे तर संघर्षाच्या टोकाला येणारा आईचा संदर्भही दोहोंत होता. सहा आठवड्यांच्या अंतराने एवढे साम्य असलेले दोन चित्रपट येऊनही पहिल्याने सुमारे ८७ कोटी आणि दुसऱ्याने सुमारे ११५ कोटी डॉलर मिळवले. प्रेक्षकांनी साम्य पाहिले नाही असे नव्हे, पण त्यांनी तुलना केली ती कोणत्या भांडणावर आपला विश्वास बसतो याची. दुसऱ्या चित्रपटातील ज्या दोन नायकांना, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका यांना, ते आठ आणि पाच वर्षे ओळखत होते, त्यांच्या भांडणाने त्यांना अधिक वेदना दिल्या.

ज्यांना मूळ कॉमिक म्हणजे निखळ स्वतंत्र निर्मिती वाटते, त्यांनी हेलफायर क्लबचा उगम जाणून घ्यावा. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या १९६६ मधील एका भागात याच नावाचे मंडळ आहे आणि नायिका एमा पील तेथे राणीच्या वेशात दिसते. क्लेअरमाँट आणि बर्न यांनी त्या भागापासून प्रेरणा घेतल्याचे सर्वज्ञात आहे. कॉमिकमधील क्लबच्या एमा फ्रॉस्ट या स्त्रीचे नाव एमा पीलवरून आले, आणि जेसन विनगार्ड हे नाव त्या भागात काम केलेल्या पीटर विनगार्ड या अभिनेत्यावरून. म्हणजे आज ज्या कथेची नक्कल चित्रपटांनी केली असे आपण म्हणतो, ती कथाही उसन्या खोलीतूनच सुरू होते. मला हे कळले तेव्हा पुस्तकाविषयीचा आदर तसूभरही कमी झाला नाही, कारण त्या दूरचित्रवाणी भागात जो वेश होता, तो येथे मनावरच्या आक्रमणाचे चिन्ह झाला आहे. मास्टरमाइंडला मिळालेली शिक्षाही याच धाग्याची आहे. ज्याने दुसऱ्याच्या मनात शिरून खेळ केला, त्याच्या मनात जीन संपूर्ण विश्वाची जाणीव एकदम ओतते आणि ते मन कोसळते.

‘एक्स-मेन’ मासिकातीलच ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ ही कथा १४१ आणि १४२ अशा दोनच अंकांची आहे, आणि २०१४ च्या चित्रपटात भूतकाळात जाणारे पात्रही बदलले आहे. कॉमिकमध्ये किटी प्राइड जाते, तर चित्रपटात वुल्व्हरिन. तरीही मूळ कथेचे चाहते त्या चित्रपटावर प्रेम करतात, आणि यंत्रांच्या राज्यातून भूतकाळात माणूस पाठवण्याची कल्पना १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’मध्येही आहे याचे त्यांना काहीच वाटत नाही. फीनिक्सच्या बाबतीत सर्वाधिक समाधान देणारे रूपांतर मला १९९२ मध्ये सुरू झालेल्या एक्स-मेन अ‍ॅनिमेशन मालिकेत सापडले. तिने फीनिक्सच्या उदयाला पाच भाग आणि पतनाला चार भाग दिले. जीनला तेथे अखेरीस जीवदान मिळते, म्हणजे शेवट मूळ कथेपेक्षा सौम्य आहे, पण नऊ भागांच्या सहवासाने तो शेवट कमावलेला वाटतो.

पुस्तकाच्या उणिवा सांगणे आवश्यक आहे. पहिली अडचण अशी की हे संकलन कथेच्या मधूनच सुरू होते. १२९ वा अंक उघडताच वाचक आधीच्या एका मोठ्या लढाईनंतरच्या थकव्यात येऊन पडतो, आणि जीनच्या मनातील आभासांची पेरणी त्याआधीच सुरू झालेली असल्याने तिचा पहिला पदर त्याच्या हाती लागत नाही. दुसरी अडचण क्लेअरमाँट यांच्या शब्दबहुलतेची आहे. मासिक दरमहा विकत घेणाऱ्या नव्या वाचकासाठी प्रत्येक अंकात प्रत्येकाची शक्ती समजावून सांगणे तेव्हा गरजेचे होते, पण सलग वाचताना ती ओळख नऊ वेळा ऐकावी लागते, आणि जे बर्न यांच्या रेषेने आधीच सांगितले आहे ते निवेदनाच्या चौकटी पुन्हा सांगत राहतात. मी दुसऱ्या वाचनात अशी निवेदने ओलांडून गेले आणि कथा अधिक वेगाने, अधिक धारदारपणे पोहोचली. डॅझलर या गायिकेचा प्रवेशही मूळ शोकांतिकेत नीट मिसळत नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकाची उणीव म्हणता येणार नाही, पण वाचकाला ती बोचते. १९८६ च्या आरंभी ‘फँटॅस्टिक फोर’च्या २८६ व्या अंकात जीन ग्रे परत आली. चंद्रावर मेली ती जीन नव्हतीच, तर तिचे रूप घेतलेली फीनिक्स-शक्ती होती, आणि खरी जीन पाण्याखाली कोशात सुरक्षित होती, असे स्पष्टीकरण देण्यात आले. हे मान्य केले तर पाच अब्ज मृत्यूंचे ओझे तिच्या खांद्यावरून उतरते, आणि तिने केलेली निवडही तिची राहत नाही. कथेची दुसऱ्या कथेशी असलेली शेकडो साम्ये मी आनंदाने स्वीकारीन, पण घडलेल्या गोष्टीचा परिणाम मागाहून पुसून टाकणे मला वाचक म्हणून खोल दुखावते. मी ते स्पष्टीकरण बाजूला ठेवून हे पुस्तक वाचते, आणि तसेच वाचावे अशी माझी शिफारस आहे.

दोन्ही चित्रपट पाहिलेल्या माणसाने हे संकलन अवश्य घ्यावे. कथा ठाऊक आहे म्हणून त्याचे काही बिघडणार नाही. १३७ व्या अंकात एक्स-मेन शिआर या परग्रहवासी साम्राज्याच्या योद्ध्यांपुढे एकेक करून हरत जातात, स्कॉट आणि जीन तेवढे उरतात, आणि त्यानंतरची पाने मी शेवट ठाऊक असूनही श्वास रोखून उलटली. वाचनाचा क्रम मात्र सांभाळावा. शक्य असल्यास १०० व १०१ हे अंक आधी वाचावेत, मग हे नऊ अंक, त्यानंतर स्कॉटच्या शोकाचा १३८ वा अंक, आणि १९८४ मध्ये आलेला तो पर्यायी शेवट सर्वांत शेवटी. तो आधी वाचला तर शक्ती गमावलेली पण जिवंत जीन डोळ्यांसमोर राहते, आणि चंद्रावर स्कॉटचा निरोप घेणाऱ्या जीनकडे आपण पूर्ण मनाने पाहू शकत नाही.